अग्निप्रदीपनाचे फोटो छापता, तसं बॉयलरच्या पाण्याबद्दलही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दसऱ्याच्या आसपास दरवर्षी आपल्या पेपरात बॉयलर अग्निप्रदीपनाचे फोटो येतात, चेअरमन, संचालक मंडळ, पूजेला बसलेलं जोडपं, बघून छान वाटतं. पण मी साखर कारखान्याच्या बॉयलर हाऊसमधे नोकरी करून रिटायर झालेला माणूस आहे म्हणून लिहितो, बॉयलर किती वर्षं टिकणार हे आगीपेक्षा आत जाणाऱ्या पाण्यावर जास्त ठरतं आणि त्या पाण्याबद्दल कुठे एक ओळ वाचायला मिळत नाही. कारखाना सहकारी आहे, बॉयलर सभासदांच्या पैशाचा आहे, तर त्यांना हे माहीत असायलाच हवं.

पातेल्यात पाणी तापत ठेवलं की उकळी फुटायच्या बऱ्याच आधी कडेला बारीक बुडबुडे धरतात, ती वाफ नसते, पाण्यात विरघळलेली हवा बाहेर पडत असते. साध्या तापमानाला लिटरभर पाण्यात साधारण ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. ऐकायला काहीच नाही, पण ताशी १०० टन वाफेचा बॉयलर धरा आणि समजा सगळं पाणी असंच थंड आत सोडलं, तर तासाला ८०० ग्रॅम ऑक्सिजन आत गेला, आणि तेवढा ऑक्सिजन पावणेदोन किलोच्या वर लोखंड खाऊ शकतो. तेही सगळीकडून सारखं खाल्लं असतं तर एकवेळ निभावलं असतं, पण तो एकाच जागी खड्डा पाडत खोल जातो, बाकीची ट्यूब नव्यासारखी दिसते आणि टाचणीएवढ्या भोकामुळे ऐन हंगामात बॉयलर थंड करावा लागतो. पहिला मार बसतो इकॉनॉमायझरला, म्हणजे धुराच्या उष्णतेवर पाणी आधी तापवणाऱ्या नळ्यांना, कारण तिथेच पाणी पहिल्यांदा जोरात तापतं.

हे थांबवायला डीएरेटर असतो. कारखान्यात गेलात तर वर उंचावर आडवी मोठी टाकी आणि तिच्या डोक्यावर घुमटासारखं हेड दिसेल, तोच. पाणी वरून स्प्रे नोझलमधून बारीक फवाऱ्याने पडतं, मग ट्रेवरून झिरपत खाली येतं, खालून एक्झॉस्ट वाफ, म्हणजे टर्बाइनमधून काम करून आलेली कमी दाबाची वाफ, वर चढते, पाणी १०५ अंशांच्या आसपास म्हणजे टाकीतल्या प्रेशरला अगदी उकळीवर येतं आणि उकळीवरच्या पाण्यात हवा विरघळून राहूच शकत नाही. सुटलेला ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड वरच्या व्हेंटमधून बाहेर. नीट चालला तर लिटरला ०.००७ मिलिग्रॅम ऑक्सिजन उरतो, म्हणजे त्या ८०० ग्रॅमचा तासाला १ ग्रॅमसुद्धा नाही. राहिलेला केमिकलने मारायचा. डीएरेटरशिवाय सगळंच केमिकलवर सोडलं तर १ भाग ऑक्सिजनला जवळपास ८ भाग सोडियम सल्फाइट लागतं, म्हणजे तासाला सहा किलोच्या वर, ते क्षार पाण्यात वाढतात, मग ब्लोडाऊन, म्हणजे क्षार काढायला बॉयलरमधलं पाणी बाहेर सोडणं, वाढवा, गरम पाणी गटारात घाला. आणि आता जे ११० किलो प्रेशरचे कोजनचे, म्हणजे साखरेबरोबर वीजही बनवणारे, बॉयलर आलेत त्यांना सल्फाइट चालतच नाही, तिथल्या उष्णतेला ते फुटून त्याचेच आम्लधर्मी वायू होतात.

तरीही डीएरेटरकडे सगळ्यात दुर्लक्ष होतं, कारण तो आवाज करत नाही आणि बिघडला तरी त्या दिवशी काही बंद पडत नाही. व्हेंटमधून वाफ जाताना दिसली की कुणीतरी साहेब येतो आणि म्हणतो वाफ वाया चाललीय, व्हॉल्व्ह बंद करा. अहो ती वाफ जायलाच पाहिजे! टाकीत आलेली बहुतेक सगळी वाफ पाण्यातच मिसळून परत बॉयलरला जाते, बाहेर पडते ती फार थोडी, पण तिच्याबरोबर ऑक्सिजन जातो, व्हेंट दाबला की तो आतच फिरत राहतो. दुसरं म्हणजे तापमान. ९० अंशांवर पाणी चांगलं गरम वाटतं पण हवेच्या दाबाला त्यात लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन राहू शकतो.

टाकी एवढ्या उंचावर का, असं मला खूप जणांनी विचारलंय. उकळीवरचं पाणी बॉयलरला पाणी देणाऱ्या फीड पंपाच्या तोंडाशी आलं आणि दाब जरासा कमी झाला की लगेच त्याची वाफ होते, पंपाला पाणी ओढता येत नाही, आतली फिरणारी चाकं म्हणजे इंपेलर झिजतात, म्हणून खाली पंपावर पाण्याचा उभा दाब ठेवायला टाकी वर. ऊस संपून मिल अचानक थांबली की एक्झॉस्ट वाफ पडते, डीएरेटरचं प्रेशर कोसळतं आणि टाकीतलं पाणी स्वतःहून उकळायला लागतं, त्यावेळी हाय प्रेशरच्या वाफेचा दाब कमी करून ती तिथे लगेच द्यावी लागते, ती लाइन अटेंडंटच्या नजरेत पाहिजे.

साखर कारखान्यात आणखी एक भानगड आहे जी डीएरेटरला जमत नाही, ती म्हणजे साखर. रस आटवताना पहिल्या बॉडीतून, म्हणजे रस आटवायच्या पहिल्या भांड्यातून, आणि साखरेचे दाणे पाडायच्या पॅनवरून एक्झॉस्ट वाफेचं जे कंडेन्सेट, म्हणजे वाफ थंड होऊन झालेलं पाणी, येतं ते स्वच्छ आणि गरम म्हणून बॉयलरला देतात. पण एखादी ट्यूब गळली की रस त्यात उतरतो, बॉयलरमधे साखर फुटून आम्ल होतं, पीएच घसरतो, पाणी तांबूस होऊन फेसाळतं आणि तो फेस वाफेबरोबर सुपरहीटर, म्हणजे वाफ आणखी तापवणाऱ्या नळ्या, आणि टर्बाइनपर्यंत जातो. कंडक्टिव्हिटी मीटर लावलाय म्हणून निश्चिंत राहू नये, साखर वीज वाहत नाही, रसाबरोबर आलेले क्षार तेवढे तो दाखवतो. त्यासाठी टेस्ट ट्यूबमधे नमुना घेऊन अल्फा नॅप्थॉलचे थेंब, मग कडेकडेने कॉन्सन्ट्रेटेड सल्फ्युरिक ॲसिड, जांभळी रिंग दिसली की साखर आहे, कंडेन्सेट तिथल्या तिथे बॉयलरपासून दुसरीकडे वळवायचं. हे काम रात्री तीन वाजता लॅबमधला एखादा कमी पगाराचा हंगामी पोरगा करतो आणि त्याच्या एका सहीवर कोट्यवधीचा बॉयलर उभा असतो. त्याने रिंग दिसली म्हणून सांगितलं तर डीएम पाणी (क्षार काढलेलं पाणी) कमी पडतंय, चालू द्या, असं त्याला कुणी म्हणू नये यासाठी वरून लेखी आदेश पाहिजे.

१९२३ चा कायदा जाऊन २०२५ चा नवा बॉयलर कायदा आला, बाष्पके संचालनालयाचे इन्स्पेक्टर येऊन तपासणी करतात, ते चांगलंच आहे, पण तपासणीच्या दिवसानंतर वर्षभर पाणी सांभाळणं कारखान्याच्याच हातात. त्यातही हंगाम संपल्यावर बॉयलर अर्धवट पाण्याने भरून पावसाळाभर सोडून दिला तर पिटिंग, म्हणजे वर सांगितलेले खड्डे पडणं, तेव्हाच सुरू होतं, एकतर पूर्ण कोरडा ठेवा नाहीतर केमिकल घालून काठोकाठ भरा.

म्हणून माझी मागणी आहे की प्रत्येक कारखान्याच्या वार्षिक अहवालात गाळप आणि उताऱ्याच्या शेजारी ट्यूब लिकेजमुळे किती तास बंद पडला, फीड वॉटरचा ऑक्सिजन आणि पीएच महिन्याला किती राहिला, कंडेन्सेटमधे साखर किती वेळा आली हे आकडे यावेत. आणि आपल्या वार्ताहरांनी पुढच्या अग्निप्रदीपनाला गेल्यावर चेअरमनसाहेबांना हे आकडे विचारावेत आणि फोटोखाली छापावेत, एवढी विनंती.

आपला,
एक निवृत्त बॉयलर अटेंडंट
जि. कोल्हापूर