तक्रारवही कोरी का आहे? नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र

माननीय नगरविकास मंत्री महोदय,
स. न. वि. वि.

सार्वजनिक उद्यानांत आणि मुलांच्या खेळाच्या जागी दारू पिण्यावर पूर्ण बंदी असावी आणि ती खरोखर पाळली जावी, एवढ्यासाठी हे पत्र.

हा विषय काढला की उत्तर ठरलेलं असतं: "फारशा तक्रारी नाहीत." कशा असतील? बाकावर बाटल्या घेऊन बसलेलं टोळकं दिसलं की आई मुलाचा हात धरून मागे फिरते. फिरायला येणाऱ्या आजी अंधाराआधी घर गाठू लागतात. मुली तर तिकडे यायचंच सोडतात. यांतलं कुणी पोलिसांत जात नाही, अर्ज करत नाही. माणसं गुपचूप कमी होतात, तक्रारवही कोरी राहते आणि कागदोपत्री सगळं आलबेल दिसतं. शिवाय अधिकारी पाहणीला दिवसा येतात. तोवर सफाई कामगारांनी बाटल्या उचललेल्या असतात.

काचा मात्र अशा उचलता येत नाहीत. घसरगुंडीखालच्या वाळूत रुतलेली काच वरून दिसत नाही, कुजत नाही, गंजत नाही. ती सापडते अनवाणी खेळणाऱ्या पोराच्या तळपायाला.

मोकळ्या हवेत शांतपणे बिअर पिणाऱ्याने कुणाचं काय बिघडवलं, असं काही जण विचारतात. प्रश्न रास्त आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१४ च्या कायद्याने यावर मधला मार्ग काढला. स्थानिक प्रशासन ठरावीक जागांसाठी आदेश काढतं. तिथे नुसतं पिणं हा गुन्हा ठरत नाही. अधिकाऱ्याने थांबायला किंवा दारू ताब्यात द्यायला सांगूनही न ऐकणं हा गुन्हा ठरतो. पण त्यासाठी सांगणारा अधिकारी तिथे हजर हवा. दिवेलागणीला फाटकावर एकटाच, कसलाही अधिकार नसलेला पहारेकरी असेल, तर "कोण दंगा करतोय ते बघून ठरवा" हा नियम त्याच्यावर अन्याय आहे. मुलं जिथे खेळतात तिथे नियम सरसकट हवा, म्हणजे त्याला कुणाशी हुज्जत घालावी लागणार नाही. आणि तो फाटकाबाहेर, वाहनतळावरही लागू हवा, नाहीतर बैठक दहा पावलं सरकेल, इतकंच.

दारूची हानी कमी करण्याच्या सर्वांत परिणामकारक उपायांमध्ये जागतिक आरोग्य संघटना करवाढ, जाहिरातबंदी आणि दारूच्या सहज उपलब्धतेवर मर्यादा यांचा समावेश करते. म्हणून महोत्सवासाठी उद्यान भाड्याने देताना तिथे मद्यविक्रीची परवानगी देऊ नका, मद्यकंपनीचं प्रायोजकत्वही नको. ज्या मैदानावर मुलं रोज खेळतात, तिथे त्यांच्यासमोर बाटलीचा फलक कशाला?

एक भीती मलाही आहे. असे नियम बेघर आणि व्यसनात बुडालेल्या गरिबांवरच आधी चालवले जातात. त्यांना काठीने हाकलून काही सुटत नाही. त्यांना व्यसनमुक्ती केंद्रापर्यंत नेण्याची जबाबदारी याच आदेशात लिहा. पैसेवाल्यांच्या गाडीतल्या बैठकीलाही तोच दंड लावा.

पहारेकऱ्याला दारू जप्त करण्याचा लेखी अधिकार, त्याच्या हाकेला येईल असं पोलीस पथक आणि बंद पडलेले दिवे दुरुस्त, ही सुरुवात लगेच करता येईल. आपल्या अधिकाऱ्यांची पुढची पाहणी संध्याकाळी सातनंतर, आगाऊ न कळवता व्हावी आणि त्या वेळी उद्यानात किती बायका-मुलं होती, याची नोंद अहवालात असावी.

कळावे,
एक आई