डिसेंबरात नाही, फेब्रुवारीत येते

शार्लट (अमेरिका), डिसेंबर २०२४

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

जाऊबाईंनी ग्रुपवर टाकलेले फोटो बघून मावशीचा फोन आला असणारच. ‘सुट्टी नाही म्हणते आणि राजवाडे बघत हिंडते.’ म्हणून आधी तेच सांगते. ॲशव्हिल इथून गाडीनं दोन तासांवर. रविवारी सकाळी गेलो, रात्री घरी. रजा मुळीच मोडली नाही. जी आहे ती सगळी फेब्रुवारीसाठी राखून ठेवली आहे, बाबांच्या गुडघ्यासाठी. तिकीट काढून झालंय, तेव्हा ‘कशाला उगीच, आम्ही बघू’ हे आता चालणार नाही. डिसेंबरात आले असते तर निम्मे दिवस लग्नं आणि जेवणं यांतच गेले असते, आणि ऑपरेशनच्या वेळी मी इथून फोनवर ‘आता कसं वाटतंय’ विचारत बसले असते. दादा आहे, कबूल. पण बाबा दादाचं ऐकत नाहीत, हेही आपल्या सगळ्यांना माहीत आहे.

सप्टेंबरातल्या हेलेन वादळानं त्या गावाची दैना केली होती, ते तुम्ही टीव्हीवर पाहिलंत. खालच्या वस्तीत अजून पडझड दिसते. आम्ही जे राजवाड्यासारखं घर बघायला गेलो ते मात्र उंचावर, ते वाचलं. नोव्हेंबरात पुन्हा उघडलं. रस्ते ठीक होते, काळजी नको.

घराचं नाव बिल्टमोर. जॉर्ज व्हँडरबिल्ट या रेल्वेवाल्या घराण्यातल्या माणसाचं. खोल्या अडीचशे! बाबा, तुम्ही सन विचारणारच: काम १८८९ ला सुरू झालं आणि १८९५ च्या नाताळच्या आदल्या दिवशी पाहुण्यांना बोलावून घर उघडलं. म्हणून तिथं नाताळचं एवढं कौतुक. तेव्हाच वीज, लिफ्ट, तळघरात पोहायचा हौद. जॉर्ज या भागात आला तो १८८८ मध्ये, आईला हवापालटासाठी घेऊन. डोंगर आवडले, जमिनी घेत सुटला. लग्न झालेलं नव्हतं, त्यामुळे पहिल्या नाताळाची यजमानीण त्याची आईच. पुढच्या वर्षी ती गेली. वय झालं होतं, आणि तेव्हा आजच्यासारखी औषधं तरी कुठं होती. तिथं मी फार रेंगाळले नाही.

जेवणाच्या दालनाचं छत सत्तर फूट उंच, आणि त्यात नाताळचं झाड, पस्तीस फुटी फ्रेझर फर. एवढं झाड माणसं हातांनी उचलून आत आणतात. फांद्यांमध्ये दिवे, आणि कागदात गुंडाळलेली, फितीनं बांधलेली खोकी अडकवलेली. चिनूला वाटलं सगळ्यांत खेळणी आहेत. पूर्वी खरंच असायची, नोकरांच्या मुलांसाठी. जॉर्जची बायको एडिथ यादी ठेवायची म्हणे, कुणाच्या मुलाला कुठल्या वर्षी काय दिलं, म्हणजे तेच पुन्हा जायला नको. आई, तुझी ती निळी वही! भाऊबिजेला कुणाला काय दिलं, कुणाचं ब्लाउजपीस कुणाकडून आलेलं, सगळं. मी यांना म्हटलं, चला, व्हँडरबिल्टांकडेही माझी आई होती.

तुला खरं आवडलं असतं ते तळघर. तांब्याची पातेली अशी लखलखीत की तू विचारलं असतंस चिंच लावतात का. आणि कपडे वाळवायची खोली: भिंतीतून लाकडी घोड्या ओढून काढायच्या, कपडे टाकायचे, आत ढकलायच्या, खालून ऊब. साताऱ्याच्या जुलैत तू पंख्याखाली दादाचे युनिफॉर्म फिरवत बसायचीस, ते आठवलं.

मोठा जिना मात्र गोल गोल चार मजले वर जातो, मधोमध पाऊण टनाचं झुंबर. पायऱ्या १०२. बाबा, मी कठडा धरून चढले आणि मला सज्जनगड आठवला. निम्म्या वाटेत ‘पाय दुखले’ म्हणून मी बसकण मारली होती आणि तुम्ही खांद्यावर घेऊन वर गेलात. त्या गुडघ्यांचं थोडं बिल माझ्याही नावावर आहे, म्हणून यायचंय.

आता ऐका. न्हाणीघरात धरायच्या दांड्या जानेवारीतच बसवून घ्यायच्या, गवंड्याशी दादा बोललाय. पलंग खाली मधल्या खोलीत. तुमचा रेडिओ, पुस्तकांची फळी, उशाशी दिवा, सगळं तिथंच लावून देईन. वरची खोली कुणी काढून घेत नाहीये. बरे झालात की पुन्हा वर. व्यायाम आत्तापासून, डॉक्टरांनी दाखवलेत तेवढेच, शेजारच्या काकांनी सांगितलेले नाहीत. साखर तपासून आकडा मला कळवायचा, खरा. आई, रजया काढायला माळ्यावर चढायचं नाही. आणि बाबांसाठी थर्मासात वेगळा गोड चहा ठेवायचा नाही. दादा मला सगळं सांगतो.

चिनूचा नमस्कार, यांचाही.

तुमची,
छकुली