बदली झाली, लॉगिन मात्र तिथेच

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सायबर फ्रॉडच्या बातम्या रोज येतात आणि सल्ला एकच, ओटीपी कोणाला देऊ नका. बरोबरच आहे, पण ऑफिसातल्या माणसाकडे गरजेपेक्षा जास्त ॲक्सेस पडून असतो त्याचं काय? मी फोर्टमधल्या एका ऑफिसात सिस्टीम ॲडमिन आहे. नवीन माणूस आला की साहेबांचा मेल येतो, 'याला अमक्यासारखंच ॲक्सेस द्या'. आता तो अमका आधी पर्चेसला होता, मग अकाउंट्सला, हल्ली स्टोअरला, प्रत्येक बदलीत अधिकार वाढत गेले काढले कोणीच नाहीत, आणि ते सगळे नव्या पोराला पहिल्याच दिवशी आयते मिळतात.

यावर इलाज जुनाच आहे. अमेरिकेतल्या निस्ट या संस्थेच्या फेरायोलो आणि कुन यांनी १९९२ मध्येच मांडलं की अधिकार माणसाला नाही, रोलला म्हणजे त्याच्या कामाच्या जागेला द्यायचे आणि माणसाला रोल द्यायचा. बदली झाली, रोल काढला, विषय संपला. पण हे सगळं एका सिस्टीमपुरतं सोपं. आमच्याकडे पेरोल वेगळं, ईआरपी (खरेदी, स्टोअर, हिशोब एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअर) वेगळं, क्लाउड वेगळं, व्हेंडरचं पोर्टल तर त्यांच्याच ताब्यात, आणि 'मॅनेजर' म्हटलं की प्रत्येक ठिकाणी त्याची ताकद वेगळी. त्याहून बेकार म्हणजे एकच माणूस इकडे मेकर आणि तिकडे चेकर, स्वतःच बिल टाकतो स्वतःच पास करतो. दोन्हीकडचं ऑडिट क्लीन, कारण दोन याद्या शेजारी ठेवून बघतंय कोण!

२०१८ ला इथल्याच ब्रॅडी हाऊस शाखेतला पीएनबी घोटाळा बाहेर आला. स्विफ्टवरून (बँकांची आपसातली मेसेज सिस्टीम) मेसेज जायचे, कोअर बँकिंगमध्ये, म्हणजे बँकेच्या मुख्य हिशोबाच्या सिस्टीममध्ये, एंट्रीच नाही, दोन्ही सिस्टीम जोडलेल्याच नव्हत्या. नियत खराब होती हे मान्य, पण ते इतकी वर्षं पचलं ते या फटीमुळेच. मग रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना जोडणीसाठी ३० एप्रिल २०१८ ची मुदत दिली. बाकीच्या ऑफिसांना असं कोण सांगणार?

कोण कुठल्या कामावर आहे याची एचआरची यादी हीच खरी धरावी, कुठल्या सिस्टीमातला रोल दुसरीकडे कशाच्या बरोबरीचा ते लिहून ठेवावं, आणि बाहेरच्या कंपनीच्या माणसाला तर कामापुरताच आणि तारीख घालून रोल द्यावा. खर्च फार नाही हो, एचआर आणि आयटीने महिन्यातून एकदा एकत्र बसायचंय, पण आमच्याकडे नेमकी तीच मीटिंग कॅन्सल होते.

एक वाचक, लालबाग