कुंभारीचं घर भाड्यानं देऊ नका

टोआ पायो, सिंगापूर

ती. आईस शिरसाष्टांग नमस्कार. दादा-वहिनींना नमस्कार, पोरांना गोड पापा.

परवा फोनवर दादा म्हणाला, सोलापूरजवळ कुंभारीत कामगारांसाठी बांधलेल्या रे नगर वसाहतीतल्या आपल्या घराची चावी हातात आली की ते भाड्यानं द्यायचं आणि आपण साखर पेठेतल्या खोलीतच राहायचं. भाड्यातून बँकेचा हप्ता जाईल, पोरांची शाळा बदलायला नको, आईलाही विड्या द्यायला जवळ पडतं. दादा, तुझा हिशेब चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. पण मला तो पटला नाही, आणि ड्युटीची वेळ झाल्यामुळे का पटला नाही ते नीट सांगताही आलं नाही. म्हणून सविस्तर लिहिते. वहिनी, आईला सावकाश वाचून दाखवा.

त्या घरात आपण स्वतः राहायला जायचं. भाड्यानं द्यायचं नाही, आणि कोणी चांगला भाव देतो म्हणून विकायचं तर मुळीच नाही.

बाबा गेले तेव्हाचं आठवा. भाडेपावती त्यांच्या नावावर होती. मालकानं तेरावं होऊ दिलं आणि दुसऱ्या दिवशी येऊन विचारलं, खोली कधी सोडताय? आई दारात उभी होती, हातात तंबाखूचं सूप तसंच. उत्तर द्यायला आपल्याकडे एक कागद नव्हता. पंतप्रधान आवास योजनेत घर घरातल्या बाईच्या नावावर किंवा तिच्या नावासह करायचं असा नियम आहे, तो मला म्हणूनच मोलाचा वाटतो. जन्मभर विड्या वळल्या, पण या बाईच्या नावावर रेशनकार्ड आणि पीएफचं खातं सोडून काही नव्हतं. आता घर आहे. उद्या त्या दारात तिला कोणी ‘कधी सोडताय’ म्हणणार नाही.

आता इथलं सांगते. मी ज्या घरात खोली घेऊन राहते ते सरकारी गृहनिर्माण मंडळानं बांधलेलं आहे. सिंगापुरातली बहुतेक माणसं अशाच इमारतींत राहतात आणि त्यातली बहुतेक आपल्या घराची मालक आहेत. आमच्या घरमालकीण आजी चिनी आहेत, सत्तरीच्या पुढच्या. त्यांचं बालपण बुकित हो स्वी नावाच्या वस्तीत गेलं. लाकडाच्या भिंती, झावळ्यांची नाहीतर पत्र्याची छपरं. 25 मे 1961 ला तिथं आग लागली आणि एका दुपारीत सोळा हजारांच्या आसपास माणसं उघड्यावर आली. मंडळ स्थापन होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. त्यांनी झपाट्यानं पक्क्या इमारती उभ्या केल्या. आधी घरं भाड्यानंच देत. मग 1964 साली ती लोकांना विकत द्यायचं ठरलं, आणि 1968 पासून कामगाराच्या पीएफसारख्या फंडातून हप्ता भरायची सोय झाली. आजींचे वडील गोदीत हमाली करायचे. पगारातून हातात येणारी रक्कम कमी न होता हप्ता फंडातून जायचा, म्हणून त्यांना जमलं, असं त्या सांगतात.

घर घेतल्यावर पाच वर्षं मालकानं स्वतः राहायचंच, पूर्ण घर भाड्यानं द्यायचं नाही, विकायचं नाही, अशी इथं अट आहे. तीन खोल्यांचं किंवा मोठं घर असेल तर एखादी खोली देता येते. मला ही अट फार शहाणपणाची वाटते. पाच वर्षं एका जिन्यावर राहिलेली माणसं परकी राहत नाहीत.

इमारतींच्या तळमजल्याला इथं भिंतीच नसतात, नुसते खांब आणि मोकळी जागा. मी आले त्या आठवड्यात तिथं एका मलाय मुलीचं लग्न होतं, मोठमोठ्या पातेल्यांत भात शिजत होता. पुढे त्याच जागी एका चिनी आजोबांच्या मयताचे विधी चालले, रात्रभर माणसं बसून होती. मला आपल्या बोळात मांडव घातलेला आठवला. जाताना-येताना तमिळ, मलाय, चिनी सगळे थांबून दोन शब्द बोलून जातात. हे आपोआप झालेलं नाही. एका वंशाची माणसं एकाच इमारतीत गोळा होऊ नयेत म्हणून 1989 पासून प्रत्येक इमारतीत कोणाची किती घरं असावीत याची मर्यादा सरकारनं घातली आहे. आपल्या सोलापूरला तेलुगू, कन्नड, उर्दू, मराठी एका बोळात ऐकायची सवयच आहे, तिथं असा कायदा लागणार नाही. पण रे नगरला विडीवाल्या, यंत्रमागवाले, शिलाईवाल्या, कागद-काच वेचणाऱ्या बाया सगळ्या एकत्र येणार. शेजारी कोण आलंय हे बघून नाक मुरडू नका, एवढंच माझं सांगणं.

आणखी एक गोष्ट आजींकडून कळली ती मनात बसली आहे. पूर्वी इथल्या इमारतींत लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबत नसे. म्हातारी माणसं थांब्यापासून पुढे जिन्यानं चढायची. 2001 पासून सरकारनं लिफ्ट सगळ्या मजल्यांवर नेण्याचं काम काढलं, पण त्यासाठी इमारतीतल्या शंभरातल्या पंचाहत्तर घरांनी मत देऊन होकार द्यायचा आणि खर्चाचा थोडा वाटा उचलायचा. आजी दुसऱ्या मजल्यावर राहतात, त्यांना लिफ्टची तेवढी गरज नव्हती. तरी वरच्या मजल्यावरच्या लकवा झालेल्या बाईसाठी त्या दारोदार फिरल्या, प्रत्येकाला मत द्यायला सांगितलं. भाडेकरू असते तर फिरल्या असत्या का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, भाडेकरूला मतच नव्हतं.

दादा, आपण इतकी वर्षं भाडेकरू होतो, म्हणून आपण वाईट शेजारी नव्हतो. पण भिंतीला चुना मारायचा तरी मालकाला विचारावं लागायचं आणि पावसात गळकं छत तसंच ठेवून बादली लावावी लागायची. निम्मी घरं जर अशी भाड्यानं गेली तर जिन्यातला दिवा, पाण्याची टाकी, गटार, कशासाठी कोण उभं राहणार? राहणाऱ्याला हक्क नाही आणि हक्कवाला साखर पेठेत.

इथलं सगळंच छान आहे असंही समजू नका. घर नव्याण्णव वर्षांच्या करारावर मिळतं, जमीन सरकारचीच राहते. एकट्या माणसाला पस्तिशी ओलांडल्याशिवाय असं घर घेता येत नाही. आणि आता जुनी घरं पुन्हा विकताना भाव इतके चढलेत की काही दहा लाख डॉलरच्या वर गेली आहेत. ज्यांना साध्या किमतीत घर मिळालं त्यांच्याच नातवंडांना आता घर घेणं जड जातंय. कष्टकऱ्यासाठी बांधलेलं घर बाजारात फिरायला लागलं की असं होतं. म्हणून विकायचं नाव काढू नका.

आपल्या घरामागे तर किती पायपीट आहे. 2006 ला कुंभारीत गोदूताई परुळेकर वसाहतीची दहा हजार घरं विडी कामगार बायांना मिळाली, तेव्हा आई दुसऱ्यांच्या घरांचे पेढे खाऊन आली होती. नंतर कामगार नेते आडम मास्तरांच्या मोर्चात ती स्वतः जायला लागली. भाकरी पदरात बांधून, पायात तुटकी चप्पल. रे नगरची तीस हजार घरं ठरली, 2019 च्या जानेवारीत पायाभरणी झाली, 2024 च्या जानेवारीत पहिल्या पंधरा हजारांच्या चाव्या मिळाल्या. केंद्राचे दीड लाख, राज्याचा एक लाख, बाकी आपले आणि बँकेचे. त्यातला माझा वाटा मी दर महिन्याला पाठवतेच आहे, पुढेही पाठवीन.

अडचणी आहेत, मला माहीत आहेत. गावापासून लांब, पाण्याची ओरड, पोरांची शाळा. पण दादा, तुझा कारखाना अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आहे आणि कुंभारी त्याच रस्त्यावर आहे. मग लांब कोणाला पडतंय? दवाखानाही तिथं आहे, अश्विनीचं मेडिकल कॉलेज कुंभारीतच आहे. राहिलं आईचं काम. इथं घरं बांधली तेव्हा जवळच हलके कारखाने काढले, म्हणून बायांना लेकरं सोडून लांब जावं लागलं नाही. तेच आपल्याकडे मागायला पाहिजे. आईनं आपल्या ओळखीच्या बाया गोळा करून वळलेल्या विड्या जमा करायची ब्रँच तिथं काढा म्हणून कंपनीकडे जावं. एकटीचं कोणी ऐकणार नाही, पन्नासजणींचं ऐकतील. सिटी बसच्या फेऱ्यांचं तसंच. आणि हे मागायला तिथं राहणारी माणसं लागतात.

घर तीनशे चौरस फुटांच्या आसपासचं, लहानच. तरी आतली खोली पोरांची ठेवा. दादा, तुझा चिन्या अजून पत्र्याच्या पेटीवर वही ठेवून लिहितो, शेजारी आईचं पान कापणं चालू आणि तंबाखूची धूळ सगळीकडे. मी नर्स आहे म्हणून सांगते, त्या खोकल्याला औषधापेक्षा हवा जास्त लागते. विड्या पुढच्या खोलीत, खिडकी उघडी ठेवून. आतल्या खोलीत तंबाखूचं पोतं शिरू देऊ नका, आई रागावली तरी.

चिन्याची परीक्षा झाली की मगच हला, वर्ष मोडू नका. करारनाम्यावर आईचं नाव बरोबर लिहिलंय का ते आधारकार्डासमोर धरून बघा, मागे रेशनकार्डावर आडनाव चुकलं होतं. वीजमीटरही तिच्याच नावावर घ्या. सामान न्यायला टेम्पोचे आणि चिन्यासाठी टेबलाचे पैसे पुढच्या पगारात वेगळे पाठवते, ते हप्त्यात घालू नका. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेला सुट्टी मिळवते आहे. तेव्हा मी साखर पेठेत नाही, कुंभारीलाच उतरणार. कुठल्या बसनं यायचं ते कळवा.

तुमची,
ताई