बटाटे काढणीला या

ग्रिम्स्नेस, आइसलँड
१९ एप्रिल २०२६

ती. आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

फोनवर विषय काढला की आई गप्प होते आणि बाबा "हवा कशीय तिकडं?" विचारतात. म्हणून लिहितेय. मी इथे आणखी दोन वर्षं राहणार आहे. करारावर सही झाली आहे. रागवायचं असेल तर पत्र संपल्यावर रागवा, आधी कारण ऐका.

बाबांना ते लगेच कळेल. मी ज्या शेतावर काम करते तिथल्या मालकीणबाईंनी ओढ्याकडची दीड हेक्टर, म्हणजे आपली पावणेचार एकर, जमीन यंदा सेंद्रियात घेतली आहे. रासायनिक खत बंद केलं म्हणून जमीन दुसऱ्या दिवशी सेंद्रिय होत नाही. भाजीपाल्याला दोन वर्षं जाऊ द्यावी लागतात आणि त्यानंतर पेरलेल्या पिकालाच शिक्का मिळतो. वर्षानुवर्षं राहणाऱ्या झुडपांना तीन वर्षं. या काळात प्रत्येक वाफ्याची वही ठेवायची: काय पेरलं, बी कुठलं, खत किती आणि कुणाच्या गोठ्यातलं. तपासणीला येणारा माणूस पीक नंतर बघतो, आधी वही मागतो. ती वही माझ्या हातची आहे. मध्येच हात बदलला, नोंदीत खाडा पडला, तर मुदत पुन्हा मोजायची वेळ येऊ शकते. डाळिंबाच्या त्या दोन वर्षांत तुम्ही किती दिवस बाग सोडून गावाला गेलात, ते बाबा, तुम्हीच आईला सांगा. माझं नाव मध्ये आणू नका.

आणि आई, हे खूळ नाही. इथून जवळच सोल्हेमार नावाची वाडी आहे. सेसेल्या सिगमुंड्सदोत्तिर या बाईंनी १९३० मध्ये ती मुलांसाठी वसवली, तेव्हा त्या २८ वर्षांच्या होत्या. तेव्हापासून तिथे भाजी बिनरसायनाची. आज शंभरेक माणसं राहतात, त्यांतल्या कित्येकांची बुद्धीची वाढ कमी आहे, पण रोपवाटिका, हरितगृह, मेणबत्त्यांचं काम ती सांभाळतात. तुला आधी तिथेच नेणार आहे. मग बोलू.

थंडीचं काही मनात आणू नकोस. घरात बावीस अंश असतात. जमिनीतलं गरम पाणी नळ्यांतून भिंतीशी फिरतं, तेच न्हाणीघरात येतं. त्याला उकडलेल्या अंड्यासारखा वास येतो. गंधकाचा आहे, अपाय नाही, दोन दिवसांत जाणवेनासा होतो. पण ते नळात सत्तर-ऐंशी अंशांचं असतं. आधी थंड तोटी, मग गरम, हे विसरायचं नाही. प्यायला थंड तोटीचंच पाणी घ्यायचं, ते झऱ्याचं आणि गोड आहे. बाटल्या विकत घेऊ नका.

आता तुम्ही कधी यायचं ते. नारळी पौर्णिमा झाली की २९ ऑगस्टला निघा, ८ सप्टेंबरला परत. पोळ्याच्या आत घरी पोचाल, आणि अधिक महिन्यामुळे यंदा गणपती १४ सप्टेंबरला आहेत, म्हणजे आईला करंज्यांनाही वेळ मिळेल. यंदाही गणपतीला मी नाही, ते मला टोचतंच आहे, आणखी टोचू नका. आईला जूनमध्ये यायचं होतं, पण जूनमध्ये इथे रात्रच होत नाही. तुला आकाशातले हिरवे पडदे, तो ध्रुवीय प्रकाश, बघायचेत ना? त्याला अंधार लागतो. सप्टेंबरच्या सुरुवातीला साडेआठच्या आसपास सूर्य मावळतो, दहा-अकराला नीट काळोख होतो, आणि पौर्णिमा होऊन गेल्यामुळे चंद्रही उतरता असेल. दिसतीलच असं नाही, ढग आले की संपलं. ऑगस्टच्या मध्यात मुद्दामच बोलावत नाही. १२ तारखेला इथल्या पश्चिम किनाऱ्यावर खग्रास सूर्यग्रहण आहे, साऱ्या जगाची माणसं येणार, खोल्या परवडायच्या नाहीत. आणि ग्रहणाचे वेध पाळत विमानतळावर उपाशी बसलेली आई मला बघवणार नाही.

तुम्ही याल तेव्हा बटाटे काढणी चालू असेल. बाबा, आत्ता बेणं मोडावर ठेवलंय. जातीचं नाव गुल्लौगा, म्हणजे 'सोनेरी डोळा'. ट्रेमध्ये एकच थर, डोळे वर, दहा ते पंधरा अंश आणि भरपूर उजेड. पाच आठवड्यांत मोड सेंटीमीटरभर, हिरवट-जांभळे, आखूड आणि टणक होतात. अंधारात ठेवलं तर पांढरे, लांब, दोऱ्यासारखे येतात आणि लावताना मोडतात, की पुढचे तीन आठवडे गेले. इथे तीन आठवडे म्हणजे हंगामाचा पाचवा हिस्सा. साधारण २० मेला, मातीत सहा-आठ अंश आले की लावण: सरींत सत्तर सेंटीमीटर, दोन बेण्यांत तीस. वर क्रॉप कव्हर, आपण डाळिंबावर टाकायचो तसलंच पातळ कापड, सतरा जीएसएमचं (चौरस मीटरला सतरा ग्रॅम). ऑगस्टातल्या एखाद्या रात्री पाला काळा पडतो. ते हिंव, रोग नव्हे. पाला गेला तरी लगेच खणायचं नाही, दहा-बारा दिवस मातीत राहू द्यायचं, साल पक्की होते. साल अंगठ्याने सरकत असेल तर तो बटाटा हिवाळा काढणार नाही.

कांद्याचं बी मात्र पाठवू नका. माती आत येऊ देत नाहीत आणि बियाण्यालाही नियम आहेत हे एक. दुसरं, आपला लासलगावकडचा कांदा छोट्या दिवसाचा. अकरा-बारा तासांचा दिवस झाला की तो गाठ धरतो. इथे मेमध्येच दिवस सतरा-अठरा तासांचा. रोपाला तीन पानं नाहीत तोच त्याला वाटतं वेळ झाली, आणि कांदा सुपारीएवढा राहतो. कोथिंबीर आणि पालकाचंही तेच, उजेडाने फुलावर येतात. म्हणून कोथिंबीर मी दर दहा दिवसांनी ओंजळभर पेरते आणि बोटभर वाढली की कापते. दांडा धरायची वाट बघितली की हातात धनेच. आईच्या वरणावर घालायला पुरेल एवढी असेल.

कोबीचं तुम्हाला दाखवायचंय, कारण फोनवर समजावता आलं नाही. इथली कोबीची माशी खोडाच्या बुंध्याशी अंडी घालते, अळ्या मुळं खातात. दुपारी पान निळसर पडून मान टाकतं, सकाळी परत उभं दिसतं, म्हणून पाणी कमी पडलं असं वाटतं. उपटून बघितलं तर खाली मूळच नसतं. औषध नाही, जाळी हाच उपाय. जाळीची कड दहा सेंटीमीटर मातीत पुरायची, नुसते दगड ठेवून भागत नाही, बोटभर फट पुरते तिला. पण गेल्या वर्षी त्याच वाफ्यात कोबी, मुळा किंवा सलगमाच्या जातीचं काही असेल, तर कोष मातीतच निजलेले असतात आणि माश्या जाळीच्या आतच निघतात. मग जाळी त्यांच्याच संरक्षणाला. म्हणून पिकांचा चार वर्षांचा फेर.

माती ज्वालामुखीची, काळी असली तरी आपल्यासारखी नाही. आपली भेगाळते, ही उडते. उघडी ठेवली तर वाऱ्याने शेजाऱ्याच्या रानात जाते, म्हणून काढणी झाली की लगेच राय (गव्हासारखं धान्य, आपली राई नव्हे) पेरून झाकायची. स्फुरद (फॉस्फरस) ती धरून बसते, सोडत नाही. हाडांचं खत फेकून वाया जातं, मुळाशीच द्यावं लागतं. आणि हिवाळ्यात गोठली की फुगून वर येते, लसणाच्या पाकळ्या बाहेर ढकलून देते. वरून गवताचं जाड आच्छादन, आणि वितळल्यावर प्रत्येक पाकळी अंगठ्याने परत दाबायची. बाबा, या कामाला तुमचा अंगठा हवा होता. लहानपणी मी तुमच्या मागे सरीत चालायचे, तुमच्या पावलात पाऊल टाकत, आठवतं? अजून तशीच चालते, फक्त गमबुटात.

फिरणं आईच्या गुडघ्याला धरून आखलंय. थिंगवेल्लिरला वरच्या वाहनतळावर उतरायचं, भेगेतून खाली चालत यायचं, मी गाडी घेऊन खाली थांबते. उतारच उतार, चढ नाही. अमेरिकेचा आणि युरोपचा भूपट्टा आइसलँडमध्ये वर्षाला दोनेक सेंटीमीटर एकमेकांपासून सरकतात, त्या फटीतून तुम्ही चालणार. तिथेच सन ९३० पासून यांची लोकसभा उघड्यावर भरायची. गेयसिरला उसळत्या गरम पाण्याचा मोठा झरा आता बहुतेक गप्प असतो, त्याचा शेजारी स्त्रॉक्कुर दर पाच-दहा मिनिटांनी उडतो, पंधरा-वीस मीटर. वारा पाठीशी घेऊन उभं राहा, नाहीतर फवारा अंगावर. उडण्याआधी पाण्याचा निळा फुगा येतो, तो चुकवू नका, खरी मजा त्यातच आहे. दोरीपलीकडे बोटही घालायचं नाही, पाणी उकळतं आहे. गुल्लफॉस धबधबा ३२ मीटरचा, दोन टप्प्यांत. वरून सपाटीवरून बघायचा. खालच्या पायऱ्या ओल्या असतात, बाबांना उतरायचं असेल तर माझा हात धरून. काळ्या वाळूच्या किनाऱ्याचे फोटो दादाने पाठवले असतील, तिथे मी नेणार नाही. शांत समुद्रातून एकदम मोठी लाट येते आणि माणूस ओढला जातो.

लौगारवात्नच्या तळ्याकाठी गरम वाळूत डबा पुरून चोवीस तासांनी रायचा पाव काढतात. काळसर, ओलसर आणि चांगलाच गोड. बाबांना एक पातळ फोड. एकच. लोण्याला हात आखडता घेऊ नका, ते सुरेख असतं.

आता मुकाट्याने ऐका:

शेंगेन व्हिसा लागतो. कागद मेअखेर तयार ठेवा, अर्ज जूनमध्ये. प्रवास विमा किमान तीस हजार युरोचा, त्यात बाबांची शुगर आणि आईचं बीपी लिहून घ्यायचं. लपवलं तर विमा नसल्यात जमा. थेट विमान नाही, मध्ये बदलावं लागतं, म्हणून तिकिटाबरोबरच दोघांना व्हीलचेअर सांगा. बाबा, "मी चालतो" नको. ती खुर्ची म्हाताऱ्यांची नाही, लांब विमानतळांची आहे. इन्सुलिन हातातल्या पिशवीत, सामानात टाकलं तर गोठू शकतं. डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत हवी. इथलं घड्याळ साडेपाच तास मागे आहे, प्रवासाच्या दिवशी डोस कसा घ्यायचा ते निघायच्या आठवडाभर आधी डॉक्टरांना विचारून लिहून आणा.

छत्री नको, वाऱ्यात उलटी होते. पावसाचं जाकीट आणि पँट मी घेऊन ठेवते. आई, साड्या दोनच, बाकी पंजाबी ड्रेस. सुमनआत्याने विणलेला स्वेटर आण, त्यावर हसणार नाही. गाडीचं दार वाऱ्यात एका हाताने उघडायचं नाही, उखडतं आणि ते विम्यात बसत नाही. मी उघडेपर्यंत बसून राहा.

तूप आणू नकोस. दूध-मांसाचं काही बाहेरून आणू देत नाहीत, विमानतळावर टाकून द्यावं लागलं तर तुझा जीव तुटेल. मी इथल्या लोण्याचं कढवून ठेवते, बेरीसुद्धा ठेवीन. गोडा मसाला, साबुदाणा, भगर आण. श्रावणातले दोन सोमवार इथे येतात, ३१ ऑगस्ट आणि ७ सप्टेंबर. खिचडीला बटाटे माझे. बाबांना उपास नाही, तेवढं देवाला सांगून टाक. बाबा, शेतातल्या चपला आणू नका, मातीचं काही आत नको. इथले गमबूट घेतलेत, नऊ नंबर.

सातव्या वाफ्यातल्या कडेच्या दोन ओळी कुणाला काढू देणार नाही, त्या बाबांच्या. आई बांधावर खुर्ची टाकून मोजेल, कारण आमच्या दोघांच्या मोजणीवर तिचा कधीच विश्वास नव्हता.

गुडघ्याचा पट्टा बॅगेत नको, घालूनच विमानात बस.

तुमची,
मनू