काका, तुम्ही ‘थांबला’ म्हणालात त्याबद्दल

सप्रेम नमस्कार, काका.

हे पत्र तुमच्यापर्यंत पोहोचलंच तर तुमच्या मुलाच्या फोनवरून पोहोचेल. नाव मुद्दाम घातलेलं नाही. घातलं असतं तर पुढच्या वेळी तुम्ही आमचा मिक्सर दुकानात ठेवून घेतला नसतात. पण पेठेत ज्यांच्या घरचे रेडिओ, टेबलफॅन आणि मिक्सर तुमच्या हातातून गेलेत, त्यांना कोणाबद्दल चाललंय ते कळायला वेळ लागणार नाही.

दिवाळी अंकाचा शेवटचा फर्मा काल प्रेसला गेला. वेळेत गेला. आमच्या धंद्यात ही बातमी असते.

त्या दिवशी कॉम्प्युटरचा माऊस सारखा थांबत होता, मी फार वैतागलेली होते, म्हणून माझं काम काय ते तुम्हाला नीट सांगता आलं नाही. मी पानं लावते. लेखकांचा मजकूर येतो, चित्रकारांची चित्रं येतात, जाहिराती येतात (सगळ्यात उशिरा येतात आणि सगळ्यात चांगली जागा मागतात), आणि हे सगळं सोळा-सोळा पानांच्या फर्म्यांत बसवायचं. टायपिंग कीबोर्डवर होतं, पण पान लागतं ते माऊसवर. चौकट ओढायची, फोटो कापायचा, कवितेची ओळ केसभर वर घ्यायची. अशा वेळी माऊस मध्येच थांबला की ओढत आणलेला फोटो सुटतो आणि थेट संपादकीयाच्या डोक्यावर जाऊन बसतो. जरा वेळाने बाण भलत्याच कोपऱ्यात उगवतो. मग केलेलं मागे घ्या, फोटो पुन्हा ओढा, आणि पुन्हा तेच.

बरं, हे सतत होत असतं तरी चाललं असतं. बंद पडलेली वस्तू परवडली, ती बंद आहे हे चारचौघांना दिसतं. कधीमधी थांबणारी वस्तू मालकालाच खोटं पाडते. सकाळभर माऊस गुणी बाळासारखा चालायचा. दुपारी चित्रांचं काम काढलं की याचं सुरू. आणि कोणी बघायला आलं की पुन्हा साळसूद.

तुमच्या आधी ज्यांच्याकडे गेले त्यांची नावं घेणार नाही, पण गुण गाते. एकांनी माऊस काउंटरवर गरगर फिरवला, तो अर्थातच झकास चालला, आणि ‘सेल बदला मॅडम’ म्हणून मला वाटेला लावलं. सेल नवेच होते. त्यांनीच पुढे मला दुसरा, जरा महागातला माऊस विकला. तोही बिनवायरचाच. घरी आल्यावर तोही त्याच वळणावर गेला. दुसऱ्यांनी घरी येऊन टेबलावरच्या काचेकडे बोट दाखवलं. काच काढली, खाली पुठ्ठा ठेवला, फरक शून्य. तिसऱ्यांनी तर मी स्वयंपाकघरात चहा टाकेपर्यंत ‘व्हायरस आहे’ म्हणून निदान केलं आणि सगळं फॉरमॅट मारलं. मराठीचे फॉन्ट, माझ्या कीबोर्डची मांडणी, सगळं नव्याने बसवत मी रात्र काढली. आणि एका गृहस्थांनी फोनवर सांगितलं, ‘ताई, तुमची क्लिक करायची पद्धत तशी असेल.’ माझी पद्धत! मी पानं लावायला लागले तेव्हा हे गृहस्थ पाटीवर गमभन गिरवत असतील.

यातलं काहीच थोतांड नाही, हे आता मला कळतं. सेल उतरला की माऊस अडखळतोच. पोटाखालचा दिवा आणि कॅमेरा टेबलाचे बारीक फोटो सेकंदाला हजारोंनी काढत असतात, त्यामुळे नितळ काचेवर त्याला दिसायला काही नसतं हेही खरं. वीज वाचवायची म्हणून विंडोज कधीकधी यूएसबीला झोपवतं, तेही होतं. प्रत्येकाकडे एकेक बरोबर उत्तर तयार होतं. मला काय होतंय ते तेवढं कोणाला ऐकायचं नव्हतं.

आणि मग तुम्ही आलात, माऊससाठी नव्हे, मिक्सर पोचवायला. मी आतून काहीतरी बोलले ते तुमच्या कानावर गेलं. (काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.) तुम्ही दारातूनच विचारलंत, ‘काय झालं हो?’ मी सांगितलं. तुम्ही म्हणालात, ‘मला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही. पण बघू का जरा?’

मला वाटलं, आता हेही माऊस उचलून उलटा करणार, फुंकर मारणार.

तुम्ही माऊसला हातसुद्धा लावला नाहीत. स्वयंपाकघरातलं स्टूल उचलून आणलंत, माझ्या खुर्चीच्या मागे, जरा बाजूला ठेवलंत आणि म्हणालात, ‘तुम्ही तुमचं काम करा. मी बसतो.’ एवढंच. मी काम करत राहिले. माऊस नीट चालत होता. नेहमीप्रमाणे मला लाज वाटायला लागली. म्हटलं, ‘तुम्ही आलात ना, आता नाही थांबायचा.’ तुम्ही हसलात, चष्मा पुसलात आणि तसेच बसून राहिलात. दुकानात गिऱ्हाईक येऊन गेलं असेल. मधे एकदा फोन वाजला तर ‘अर्ध्या तासाने करतो’ म्हणून ठेवून दिलात. घड्याळाकडे एकदाही बघितलं नाहीत. मी बघत होते ना.

मग मी मुखपृष्ठाची चित्रं काढली आणि बाण थिजला. मी मागे वळायच्या आत तुमचा आवाज आला, ‘थांबला. दिसला मला.’

काका, हे पत्र त्या तीन शब्दांसाठी आहे. दुरुस्ती झाली ती नंतर. त्या क्षणी माऊस बंदच होता, काम अडलेलंच होतं, पण माझ्या मानेवरून काहीतरी उतरलं. इतके दिवस मी एकटीच साक्षीदार होते, आणि माझी साक्ष कोणी धरत नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही माझ्या हाताबद्दल शंका यायला लागली होती. बोटांत काही होतंय का, म्हणून एकदा रात्री मूठ उघडझाप करून बघितली होती.

पुढचं तुम्ही इतक्या सहज केलंत की मला अजून गंमत वाटते. ‘आत्ता टाइप होतंय का बघा,’ म्हणालात. माझा कीबोर्ड वायरचा. अक्षरं धडाधड उमटली. ‘म्हणजे यंत्र जागं आहे. माऊसचा निरोपच पोचत नाहीये.’ मग टेबलाखाली वाकलात आणि विचारलंत, ‘ही डबी कसली? दिवा लुकलुकतोय ती.’ ती माझी बाहेरची हार्ड डिस्क. चित्रं सगळी तिच्यावर असतात. चित्रांचं काम निघालं की ती जोडायची, संपलं की काढून कपाटात. ज्याला आपण सगळे सीपीयू म्हणतो त्या डब्याच्या पाठीमागे, निळ्या पोर्टात तिची वायर, आणि तिला अगदी खेटून माऊसचं ते नखाएवढं डोंगल, म्हणजे माऊसचा निरोप पकडणारा तुकडा. डिस्क काढली, माऊस पळायला लागला. परत जोडली, चित्रं वाचायला घेतली, माऊस थांबला. काही न बोलता तुम्ही माझ्याकडून हे पुन्हा करवून घेतलंत, म्हणजे माझीच खात्री पटावी.

‘रेडिओ लावलेला असताना शेजारी ट्यूबलाइट लावली की चोकची खरखर यायची, आठवतं?’ तुम्ही म्हणालात. ‘तसंच आहे हे. माऊस रेडिओच आहे. शेजारी कोणीतरी गोंगाट करतंय.’

तुम्ही गेल्यावर मी शोधून वाचलं, आणि तुम्ही अंदाजाने बोललात ते शब्दशः खरं निघालं. बिनवायरचे माऊस 2.4 गिगाहर्ट्झवर बोलतात. त्याच पट्ट्यात ब्लूटूथ असतं, घरातलं जुनं वायफाय असतं, स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्हही तिथेच तापतो. आणि निळ्या पोर्टातून, म्हणजे यूएसबी 3.0 मधून, सेकंदाला 5 गिगाबिटच्या वेगाने मजकूर धावतो तेव्हा डिस्कच्या वायरीतून आणि जोडणीतून जो विजेचा गोंगाट बाहेर सांडतो, तो नेमका याच पट्ट्यात येऊन पडतो. तो गाळताही येत नाही, कारण माऊसचा आवाज आणि हा गोंगाट एकाच पट्टीत. इंटेलने यावर 2012 साली सविस्तर टिपण काढलेलं आहे. 2012 साली! म्हणजे मला सेल बदलायला सांगणाऱ्यांना वाचायला भरपूर वेळ मिळाला होता.

उपाय तर सांगायलाही लाज वाटते. तुमच्या पिशवीतून एक हातभर यूएसबीची जोडवायर निघाली. डोंगल त्या वायरीच्या टोकाला लागून डिस्कपासून लांब, टेबलावर माझ्यासमोर आलं. झालं. त्या दिवसापासून चित्रांच्या ढिगात लोळतेय, बाण कुठे अडत नाही. नवा माऊस निष्पाप होता. जुनाही होता. तो आता पुतण्याला दिला.

रात्री मला आईची आठवण आली. तिला शेवटची काही वर्षं मधूनच चक्कर यायची. डॉक्टरांकडे नेलं की बीपी व्यवस्थित, नाडी व्यवस्थित. ‘आत्ता तर काही नाही आजी,’ असं म्हणून गोळी लिहून द्यायचे. घरी आली की भिंत धरायची. पुढे पुढे तिने सांगणंच सोडलं. तिला चक्कर येताना ‘हो, आली, मी पाहिलं’ असं म्हणणारं पांढऱ्या कोटातलं कोणी भेटलं असतं तर चक्कर थांबली असती असं नाही. पण ती सांगत तरी राहिली असती. म्हणून मला तुमचं ते स्टूल एवढं मोठं वाटलं असेल. हुशार माणसांची आपल्याकडे वाण नाही, पुण्यात तर नाहीच नाही. दुसऱ्याच्या तक्रारीशेजारी नुसतं बसून राहणारी माणसं मात्र मला हाताच्या बोटांवर मोजावी लागतील. आमच्या प्रेसचे जुने मुद्रितशोधक तसे होते. लेखकाने ‘इथे काहीतरी खटकतंय’ म्हटलं की ते चूक नाही असं सांगायचे नाहीत. पान परत वाचायचे, मोठ्याने, त्याच्यासमोर. अशांना पगार फारसा कधी मिळाला नाही, पण लेखक त्यांना विचारल्याशिवाय पान सोडायचे नाहीत.

ज्यांनी फॉरमॅट मारला त्यांचं बिल मोठं होतं, आणि त्यावर ‘सॉफ्टवेअर प्रॉब्लेम – सॉल्व्ह्ड’ असं ठळक लिहिलं होतं. ते मी फाईलला लावून ठेवलंय. तुमचं बिलच नाही. ‘मिक्सरचे दिलेत ना,’ म्हणून तुम्ही चप्पल पायात घातलीत आणि जिना उतरायलाही लागलात.

तर आता ऐका. ती जोडवायर मी परत देणार नाही, अंक संपला तरी नाही. तिच्याऐवजी तपकीर गल्लीतून नवी आणून ठेवली आहे, जुनीपेक्षा थोडी लांबच मिळाली. अंकाच्या प्रती बायंडिंगहून शनिवारपर्यंत येतील असं म्हणतात, म्हणजे सोमवार धरा. प्रत आणि वायर घेऊन संध्याकाळी दुकानात येते. काकूंना भाजणीच्या चकल्या चालतात का ते तेवढं आधी सांगा. आणि ‘राहू दे हो’ म्हणायचं नाही.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची, मिक्सरवाली