केळ्यात बी का नसतं, हे विचारणाऱ्या मुलांसाठी एक खोली द्या

मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई यांस,

सप्रेम नमस्कार.

मी चोपडा तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. घरची केळी आणि कपाशी. दोन वर्षांपासून रोज संध्याकाळी आणि रविवारी सकाळी आमच्या ओट्यावर गल्लीतली १४ पोरं जमतात. हा क्लास नाही, फी नाही. मुलं विचारतील ते सगळ्यांनी मिळून शोधायचं, एवढंच.

सुरुवात एका केळ्यापासून झाली. खाता खाता तिसरीतली एक मुलगी म्हणाली, "काकू, केळामा बी काबर नही शे?" जन्म केळीत गेला, पण मला उत्तर आलं नाही. केळं आडवं कापलं तर मधोमध बारीक काळे ठिपके. ते न वाढलेलं बी. मग रोप येतं कुठून? घड कापून झालेली एक केळ मुलांनी दुसऱ्या दिवशी सोलायला घेतली. पदरामागून पदर निघत गेले, लाकूड काही सापडेना. शेवटी पांढरा कोवळा गाभा हाती आला. घड लटकतो तो दांडा हाच. ज्याला आपण खोड म्हणतो ते पानांचेच पदर, खरं खोड म्हणजे जमिनीतला कंद, आणि पिलं फुटतात ती त्याला. चिकाचे डाग कपड्यांवरून गेले नाहीत, आयांची बोलणी मी खाल्ली. पण भागाकाराला घाबरणाऱ्या एका पोराने त्याच आठवड्यात एकराच्या ४३,५६० चौरस फुटांना २५ ने भागलं. पाच बाय पाच फुटांवर लावली तर बापाच्या एकरात किती केळी बसतील, हे त्याला हवं होतं. १,७४२.

साहेब, यात कायद्याबाहेरचं काही नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ चं कलम २९ कृतीतून, शोधातून आणि भीतीविना शिकण्याबद्दलच बोलतं, मातृभाषेबद्दलही. आमची मुलं अहिराणीत विचारतात तेव्हाच मोकळं विचारतात. वर्गात तोच प्रश्न आधी पुस्तकी मराठीत जुळवावा लागतो आणि तोवर विरून जातो. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं ते मुलांच्या अंगणापर्यंत गेलं. आम्हीही अंगणातच आहोत, पण पाऊस लागला की ओटा भिजतो आणि महिनाभर सगळं बंद पडतं.

गावच्या शाळेला पाच वाजता कुलूप लागतं. खोली मागितली तर उत्तर मिळालं, वरून लेखी आदेश नाही. सरांना मी दोष देत नाही, उद्या काही झालं तर जाब त्यांनाच विचारतील.

म्हणून मागणं एकच. शाळा सुटल्यावर आणि सुट्टीत एक खोली गावातल्या अशा गटाला वापरू द्यायचा अधिकार शाळा व्यवस्थापन समितीला लेखी द्या. जबाबदारीची सही आम्ही पालक करू, झाडलोट आणि विजेचं बिलही आमच्याकडे. अनुदान नको. आणि कळकळीने सांगते, याची योजना करू नका. रजिस्टर, फोटो, अहवाल आले की प्रश्न कुणी विचारायचा हे मोठी माणसं ठरवू लागतील.

परिपत्रक जूनच्या आधी निघालं तर यंदाचा पावसाळा वाया जाणार नाही.

आपली नम्र,
चोपडा तालुक्यातली एक शेतकरी आई